उसवलेली वाकळ

आमची आई लुगडं नेसायची ते बघत राहावं असं असायचं. न्हाणीतून बाहेर आली की दाराआड उभी राहून नऊवारीचा तो सगळा पसारा ती चार झटक्यांत अंगाला लावायची. निऱ्या बोटांत भराभर गोळा व्हायच्या, काष्टा मागं खोचला जायचा, पदर डोक्यावर यायचा, आणि तोंड त्या सगळ्या वेळात चालूच. दूध बघ, लाकूड मागं ओढ, तुझ्या बापाचा डबा भर, ती वेणी घालतीस का दोरखंड वळतीस? मला तेवढ्यात एक वेणी पुरी होत नसे. तिच्यापुढं मी कायमच मंद.

दौंडला गावाच्या कडेला दोन खोल्यांत आम्ही राहायचो. वडील कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात शिफ्टवर जायचे. त्यांना मी आप्पा म्हणायची. मी अकरावीत होते आणि घरात एकुलती एक, म्हणजे आईच्या तोंडाला दुसरं कुणी नव्हतं. सगळा प्रसाद मलाच.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी आई चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत होती आणि मी बाहेरच्या खोलीत आरशापुढं होते. आमच्या घरात तो थापण्याचा आवाज इतका रोजचा होता की कानाला तो कळायचाच नाही. त्या दिवशी तो थांबला तेव्हा कळला. मला वाटलं, पीठ संपलं असेल. मग जळक्या भाकरीचा वास आला. आई आणि भाकरी जाळते? मी पळत आत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात परातीत पिठावर तसाच पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळे माझ्याकडं. मला काहीतरी सांगत होती आणि मला काहीच समजत नव्हतं. इतकी घाबरले मी, इतकी घाबरले की तवा खाली उतरवायचंही सुचलं नाही.

पुण्याच्या दवाखान्यातून तिला परत आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं. पाय थोडा ओढत ओढत चालायचा, बोलणं जडावलं होतं तरी कळायचं, पण हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबायचा. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा, उजव्या हाताचं काही सांगता येत नाही. आता डाव्याच हाताला तयार करा म्हणून त्यांनी त्या हातानं दाबायला एक रबरी चेंडू दिला. घरी आल्यावर आईनं तो चेंडू असा भिरकावला की शेजारच्यांच्या कोंबड्या उडाल्या. "मी काय ल्हान पोर हाय व्हय चेंडू खेळाया?"

पण तेवढंच. त्यानंतर ती गप्प होत गेली. लुगडं काही तिला नेसता येईना आणि नेसवून घ्यायला ती तयार होईना, म्हणून शेजारच्या काकूंनी बाजारातून फुलाफुलांचा गाऊन आणून दिला. आई त्याला पोतं म्हणायची. "घाला पोत्यात आन् ठेवा थप्पीला." त्या गाऊनमध्ये ती पडद्याआडच्या खाटेवर बसून राहायची. कोणी भेटायला आलं तर भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. दारात यायची नाही, अंगणात तर नाहीच. आणि डाव्या हातानं जेवायला तिनं साफ नकार दिला. डाव्या हातानं कधी अन्नाला शिवतात का? मी भरवायची. ती तोंड उघडायची ते तिच्यामागं मीही उपाशी राहीन म्हणून, स्वतःच्या भुकेनं नव्हे. आमच्या घरात तेव्हा एकच प्रश्न होता आणि तो आप्पा आणि मी एकमेकांनाही विचारत नव्हतो. ही बाई पुन्हा कधी आपलं आपण लुगडं नेसून दारात उभी राहणार का, की आता असंच?

स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला. मला चहा आणि भात सोडला तर काही येत नव्हतं. माझी भाकरी परातीतून उचलली की फाटायची, उचलली नाही तर चिकटायची. आई पडद्याआडून ऐकायची, बघायची नाही. मला वाटायचं ती झोपली आहे. एवढ्यात आतून जड आवाज यायचा, "पीठ आजून मळ. रडतंय ते." पीठ रडतंय म्हणजे काय, हे मला आठवडाभर कळलं नाही. मग एक दिवस मळता मळता हाताखाली ते एकदम मऊ आलं, आवाज बदलला, आणि थापल्यावर भाकरी चंद्रासारखी नाही पण निदान भाकरीसारखी दिसली. आतून लगेच, "आत्ता. आता टाक." डोळे मिटून पडलेल्या बाईला दुसऱ्या खोलीतल्या पिठाचं मन कळतं, याचं मला इतकं नवल वाटलं की मी भाकरी टाकायची विसरून तशीच उभी राहिले. "टाक म्हनलं ना! का तिची आरती करतीस?"

तव्यावर पाण्याचा हात फिरवला की चर्र आवाज कसा आला पाहिजे, डाळीला फोडणी बसली की वास कधी गोड होतो, पिठल्याच्या गुठळ्या कशानं होतात, हे सगळं मी त्या पडद्यातून शिकले. पण शिकवून झालं की ती पुन्हा भिंतीकडं वळायची. आणि मी भरवायला गेले की तेच ओशाळं तोंड.

उन्हाळ्यात आत्या आली. आप्पांची थोरली बहीण. तिचं सासर शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या अलीकडं. तिच्या सासरची माणसं एके काळी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची, आता जमीन कसून एका जागी बसली होती. आत्या मात्र काही एका जागी बसत नसे. चौफुल्याला एसटी बदलून, डोक्यावर बाजरीचं गाठोडं आणि काखेत शेंगांची पिशवी घेऊन ती यायची आणि पहिल्या पायरीपासून बोलायला सुरुवात करायची. वाकळ घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्याकडं गोधडीला वाकळच म्हणायचे. जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, खाली-वर लुगडं लावायचं आणि कडेकडेनं शिवत शिवत मध्याकडं यायचं. आत्याचा टाका असा सरळ की वाटावं जमीन नांगरली आहे.

आईला बघून ती आधी धाय मोकलून रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि कामाला लागली. घर झाडलं, डबे घासले, मला दोन शिव्या घातल्या, आप्पांना चार. तिच्या येण्यानं मला खरंच हायसं वाटलं, कुणीतरी मोठं माणूस घरात आलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती ट्रंक उघडून बसली. आईची रोजची लुगडी घडी घालून त्यात पडली होती. हिरवं, जांभळं, विटकं लाल, काळ्या काठाचं. आत्यानं ती बाहेर काढली, झटकली, वास घेतला. म्हणाली, "चांगली मऊ झाल्याती. नुसती कसर खातीया. हिच्या पाठीखाली एक जाड वाकळ पायजे, खाट टोचती तिला. हिचंच कापड हिला लागू दे की." आणि मायेनंच म्हणाली हो. त्यात वाकडं काही नव्हतं. आमच्याकडं सगळी तेच करतात, पडून राहिलेल्या कापडाची वाकळ होते, हा तर आमचा धर्मच.

दुपारी आई झोपली असताना आत्यानं अंगणात कडुलिंबाखाली लुगडी अंथरली, चार कोपऱ्यांना दगड ठेवले, मधे हळदीकुंकू वाहिलं आणि शिवायला बसली. शेजारच्या काकू समोरच्या बाजूनं बसल्या. दोघींच्या सुया आणि दोघींची तोंडं सारख्याच वेगानं चालत होती. एक बाजू पुरी होऊन दुसरी अर्ध्यावर आली, आणि दारात काहीतरी सरपटल्याचा आवाज झाला.

आई दारात उभी होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. चौकट डाव्या हातानं धरून, गाऊनमध्ये, केस सुटलेले. ती कुणाकडंच बघत नव्हती, खाली अंथरलेल्या लुगड्यांकडं बघत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "मी मेले व्हय?"

आत्याची सुई तशीच कापडात. "अगं काय बोलतीस ह्ये? तुझ्यासाठीच तर..."

"मेलेलीची लुगडी शिवाया काढत्यात. मी मेले का? सांगा की. मी पुन्यांदा नेसायची न्हाई आसं कुनी सांगितलं तुमाला? डाक्टरनं? का ह्येंनी?"

काकू हळूच उठून घरी गेल्या. आत्याचा चेहरा असा उतरला की मला तिचीच कीव आली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. ती उठली, आईला धरायला गेली, तर आई ओरडली, "हात लावू नका. आधी उसवा."

आणि इथं आत्याचाही ताठा जागा झाला. मांडलेली वाकळ उसवायची नसते. हळदीकुंकू वाहिलेली तर नाहीच नाही. घराला लागतं म्हणतात. "मी न्हाई उसवायची," आत्या म्हणाली. "आपशकुन हुतो. भरल्या घरात मी न्हाई करायची आसलं काम."

"माझं अर्धं अंग गेलं," आई म्हणाली, "आता आनि कसला आपशकुन व्हायचा ऱ्हायलाय?"

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेली. जाताना गाठोडंही नीट बांधलं नाही. दारातून एवढंच म्हणाली, "न्हाई येत मी परत. माझ्या हाताला यश न्हाई तुझ्या घरात." आप्पा तिला सोडायला स्टॅण्डवर गेले आणि परत येऊन कोपऱ्यात बसले. बायकोला बोलावं की बहिणीची बाजू घ्यावी, बिचाऱ्याला काही समजेना.

मी म्हटलं, "आई, मी उसवते." तिनं मान हलवली. मला ती अर्धवट वाकळ तिच्या खाटेजवळ खाली अंथरायला लावली, आणि स्वतः सरकत सरकत त्यावर येऊन बसली. मग तिनं जे केलं ते आजही मला समोर दिसतं. डाव्या हातानं तिनं आपला उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि कापडावर ठेवला. वजन म्हणून. कापड हलू नये म्हणून. जो हात इतके दिवस नुसता लोंबत होता, ज्याच्याकडं ती बघायलाही तयार नसायची, त्याला तिनं कामाला लावलं! मग डाव्या हातात सुई धरली, पहिल्या टाक्याखाली घातली आणि उचकटली. दोरा निघाला नाही. पुन्हा घातली. सुई घसरली, बोटात शिरली. रक्ताचा थेंब लुगड्यावर. मी पुढं झाले तर डोळे वटारले. शेवटी तिनं तो दोरा दातात धरला आणि तोडला.

त्या दुपारी एवढाच एक टाका उसवला. आणि संध्याकाळी मी ताट वाढून घास करायला बसले, तर म्हणाली, "ठिव खाली." तोंड भिंतीकडं केलं, आणि डाव्या हातानं भाकरी मोडली. मोडली कसली, ओरबाडली. आमटी गाऊनवर सांडली. पण जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढं उकिडवी बसले आणि मला हुंदके आवरेनात. आनंदानं की कशानं, मला नाही सांगता येणार.

त्यानंतर ते रोजचंच झालं. माझं चुलीपुढचं काम आणि तिचं उसवणं. आत्याचे टाके म्हणजे टाके, पक्के, बारीक, एकाला दुसरा धरून. आई तिला एकेका टाक्यागणिक शिव्या घालायची. "काय माय शिवलंय! जनू पोत्यात वाघ कोंडायचाय." पण बोलता बोलता थांबायची, त्या टाक्यावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "हात हाय खरा बाईचा." पाऊस सुरू झाला, कॉलेज सुरू झालं. डाव्या हाताची बोटं हळूहळू शहाणी होत होती. सुई घसरायची कमी झाली. एक दिवस मी आले तर तिनं लसूण सोलून ठेवला होता. मग विळीवर डावा पाय देऊन कांदा चिरायला लागली. उजवा हात तिनं वजन म्हणून परातीच्या कडेवर ठेवला आणि डाव्यानं पीठ मळायला घेतलं. तो चेंडू दाबून जे झालं नसतं ते त्या उसवण्यानं केलं. शिवण्यानं हात तयार होतो हे सगळेच सांगतात. उसवण्यानंही होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

लुगडी मोकळी झाली. धुतली, वाळवली. काठाकाठानं सुईच्या भोकांच्या रांगा राहिल्या होत्या, उजेडात धरलं की चमकायच्या. आप्पा म्हणाले, नवीन आणू. आई म्हणाली, "ह्यीच."

आणि मग नेसणं सुरू झालं. मला तिनं समोर बसवलं, हात मांडीखाली घालायला लावले. "काय बी झालं तरी उठायचं न्हाई." ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची. लुगड्याचं एक टोक भिंत आणि पाठ यांच्यामधे दाबायची, दुसरं दातात. डाव्या हातानं गाठ मारायला जायची, गाठ बसायची नाही, सगळं सुटून पायांत पडायचं. पुन्हा वाकायचं, एक पाय साथ देत नसताना, भिंत धरून. पुन्हा दातात. घामानं निथळायची. मी तिथं बसून बघायची. हात न लावता बसणं, ही माझ्या आईनं मला शिकवलेली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. भाकरीपेक्षा अवघड, वाकळीपेक्षा अवघड. माझी बोटं मांडीखाली वळवळायची. एकदा राहवलं नाही, मी उठले, तर तिनं दातातलं टोक सोडून मला अशी शिवी हासडली की शेजारच्या काकू दारात डोकावल्या.

गाठ बसली. मग काही दिवसांनी निऱ्या बसल्या, वेड्यावाकड्या. एकीत चार बोटांचं कापड, दुसरीत वीतभर. काष्टा तेवढा हुलकावणी द्यायचा. मागं खोचायचा म्हणजे डावा हात पार पाठीमागं न्यावा लागायचा, आणि तोवर पुढचं काहीतरी सुटायचं. ती चिडायची, रडायची, थोडा वेळ खाटेवर पडायची आणि पुन्हा उठायची. एवढं बळ त्या अर्ध्या अंगात कुठून यायचं? मी तिच्याच पोटची, पण माझ्यात त्यातलं पावशेर तरी आलंय की नाही, शंकाच आहे.

दिवाळी आली. भाऊबीजेला आत्या यायला हवी होती, आप्पांना ओवाळायला. दर वर्षी यायची. आप्पा सकाळपासून अंघोळ करून, टोपी घालून बसले होते आणि खिडकीतून रस्त्याकडं बघत नसल्यासारखं बघत होते. आईनं डाव्या हातानं करंज्या मुरडल्या होत्या, कडा वेड्यावाकड्या, पण तळताना एकही फुटली नव्हती. तिनंही कुणाचं नाव काढलं नाही. फक्त ताटात निरांजन दोनदा पुसून ठेवलं. बहीण रुसून बसली आणि त्याला कारण आपण, हे तिलाही खात असणार.

उन्हं वर आली तेव्हा पायरीवरून आवाज आला. "हायत का घरात मानसं, का समदी गेली गावाला?" आत्याच! आप्पा उठले, मी दाराकडं धावले, तर आईनं पडद्याआडून ओरडून सांगितलं, "कडी काढू नगंस!" आणि दार बंद ठेवून ती आतल्या खोलीत गेली.

आत्या बाहेर उभी. "आगं उघड की! ऊन हाय डोक्यावर. ओझं हाय माझ्याकडं!"

"थांबा वन्सं," आई आतून म्हणाली, "नेसतीया."

बाहेर एकदम शांत झालं. आत्या आणि शांत! मी कडीला हात लावून उभी, आप्पा भिंतीला धरून. आतून कापडाचा सळसळाट, पाय ओढल्याचा आवाज, एक शिवी, मग पुन्हा सळसळाट. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग आई आली. जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू थोडं तिरकं लागलेलं. तिनंच डाव्या हातानं कडी काढली.

आत्याच्या डोक्यावर गाठोडं तसंच होतं. ती वरपासून खालपर्यंत बघत राहिली. निऱ्यांकडं बघितलं. काठावरच्या त्या भोकांच्या रांगांकडं बघितलं, तिच्याच सुईच्या. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं, वाकून आईच्या पाठीमागं बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काष्टा ढिला हाय तुझा."

नेसताना लुगड्याला आजवर तिनं मला बोट लावू दिलं नव्हतं, आप्पांना नव्हतं, कुणालाच नव्हतं.

आईनं क्षणभर तिच्याकडं बघितलं. मग चौकट धरून हळूहळू वळली आणि आत्याकडं पाठ करून उभी राहिली.

"मंग आवळा की," ती म्हणाली. "नुसत्या बघताय काय?"